घराच्या भिंतीजवळ कोणते झाड लावावे? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मृग नक्षत्र जवळ आले की वृक्षलागवडीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांत बहुतेकांची अडचण एकच दिसली : जागा थोडी आहे, घर अगदी लागून आहे आणि तरीही झाड हवे आहे. झाड हवे असणे ही फार चांगली गोष्ट आहे. त्यामुळे ‘लावू नका’ असे सांगण्यापेक्षा ‘कोणते, कुठे आणि किती अंतरावर’ हे शक्य तितक्या तपशिलात सांगण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचे रो-हाउस आहे. पश्चिमेची भिंत एप्रिल-मे महिन्यांत इतकी तापते की त्या बाजूची खोली रात्री उशिरापर्यंत थंड होत नाही. त्या भिंतीपासून कुंपणापर्यंत नऊ फूट जागा आहे आणि कुंपणापलीकडे कॉलनीचा रस्ता आहे. जमीन काळी आहे. रोपवाटिकेत आम्हाला गुलमोहर किंवा बहावा लावण्यास सांगितले. शेजारी मात्र म्हणतात की मुळे पाया फोडतील. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : ऊन, माती आणि झाडाचा विस्तार. त्यांचा क्रमाने विचार केल्यास निवड सोपी होईल.

आधी ऊन. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्या वेळी तापते ते छत. भिंतींवर ऊन फारसे पडत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येते ते दुपार कलल्यावर, आणि साडेतीन-पावणेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर आलेला असतो. सूर्य ४५ अंशांवर असताना झाडाची सावली भिंतीवर किती उंच पडेल, याचा हिशोब अगदी सरळ आहे : झाडाच्या उंचीतून त्याचे भिंतीपासूनचे अंतर वजा करावे. पाच मीटर उंचीचे झाड भिंतीपासून दोन मीटरवर असेल, तर त्या वेळी भिंतीचा तीन मीटरपर्यंतचा भाग, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक मजला, सावलीत असतो; पुढे सूर्य जसजसा खाली जातो तसतशी सावली आणखी वर चढते. तळमजल्याची खोली थंड ठेवण्यासाठी मोठ्या वृक्षाची मुळीच गरज नाही, हे यावरून लक्षात येईल. पंधरा-सोळा फूट उंचीचे, पण उन्हाळ्यात पानांनी भरलेले झाड आपल्याला पुरेसे आहे.

‘उन्हाळ्यात पानांनी भरलेले’ ही अट मी मुद्दाम घातली आहे, कारण निवड करताना नेमकी तीच विसरली जाते. थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत पानगळीची झाडे घराजवळ लावावीत असा सल्ला असतो. तिथे ती हिवाळ्यात निष्पर्ण होऊन ऊन घरात येऊ देतात आणि उन्हाळ्यात सावली देतात. आपल्याकडची पानगळ थंडीमुळे होत नाही, ती कोरड्या हवेमुळे होते. त्यामुळे आपली अनेक देशी झाडे ऐन फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे सावलीची सर्वाधिक निकड असताना, उघडी असतात. बहावा हा त्यांपैकीच एक आहे. त्याचे पिवळे घोस लोंबू लागतात तेव्हा फांद्यांवर पाने जवळपास नसतात. ते फुलणे मला स्वतःला अतिशय प्रिय आहे आणि प्रत्येक कॉलनीत एखादा तरी बहावा असावा असे मी मनापासून म्हणेन. परंतु तापलेल्या पश्चिम भिंतीवरचा उपाय म्हणून तो कामाचा नाही, शिवाय त्याला भिंतीपासून पंधरा फूट तरी जागा हवी. गुलमोहराविषयी मात्र मी स्पष्टपणे नकार देईन. मूळच्या मादागास्करच्या या झाडाची छत्री तीस फुटांहूनही अधिक पसरते, मुळे जमिनीच्या वरच्या थरात आडवी धावतात, आणि लाकूड ठिसूळ असल्यामुळे मे महिन्यातील वळवाच्या वादळात फांद्या मोडतात. नऊ फुटांच्या पट्ट्यात त्याला स्थान नाही.

आता माती. ‘मुळे पाया फोडतात’ ही समजूत अर्धीच खरी आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये मूळ भोक पाडू शकत नाही. ते आधीच असलेल्या फटीत शिरते आणि जाड होत जाताना ती फट रुंदावते. काळ्या मातीतील धोका निराळा आहे आणि तो झाडाच्या पाणी पिण्यातून येतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या रुंद भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मोठे झाड भिंतीच्या एकाच कोपऱ्याखालची ओल शोषून घेत असेल, तर तिथली माती इतर ठिकाणांपेक्षा जास्त आकसते, तो कोपरा किंचित खचतो आणि भिंतीवर तिरकी चीर उमटते. म्हणून आपल्या घराचे बांधकाम ज्या अभियंत्याने केले त्याला एकच गोष्ट विचारून घ्यावी : फूटिंग काळ्या मातीच्या खाली कठीण मुरमात नेले आहे का? तसे असल्यास लहान झाडापासून घराला भीती बाळगण्याचे कारण नाही. कुंपणाची भिंत, पायऱ्या आणि घराभोवतीचा कोबा यांचा पाया मात्र उथळ असतो, आणि झाडाचा परिणाम सर्वात आधी तिथेच दिसतो. याच कारणाने झाडाला पाणी घालताना ते घराच्या जोत्याकडे वाहू देऊ नये. एकाच कोपऱ्यात रोज नळी सोडून ठेवल्याने माती फुगूनही तेवढेच नुकसान होते.

राहिला विस्तार. मी साधारणपणे असा अंदाज धरतो की पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेराच्या निम्मे अंतर, अधिक आणखी एक मीटर, एवढी जागा खोड आणि भिंत यांच्यामध्ये असावी. छाटणी सोसणाऱ्या झाडाच्या बाबतीत हा अधिकचा मीटर सोडता येतो. आपल्याकडे नऊ फूट आहेत. खोड भिंतीपासून सहा फुटांवर आणि कुंपणापासून तीन फुटांवर ठेवावे.

या तिन्ही कसोट्या लावल्यावर माझी पहिली पसंती बकुळीला आहे. बकुळ बाराही महिने हिरवी असते, तिची पाने दाट असतात, लाकूड चिवट असते आणि छाटणी ती उत्तम सोसते. मोकळी सोडल्यास अनेक वर्षांनी ती चाळीस फुटांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे पंधरा-सोळा फुटांवर तिचा शेंडा धरून ठेवणे आणि भिंतीकडच्या फांद्या दरवर्षी आखडत्या घेणे ही जबाबदारी आपण आजच स्वीकारावी. तिची एकच उणीव म्हणजे ती सावकाश वाढते. मधल्या वर्षांसाठी भिंतीपासून फूटभर पुढे लोखंडी जाळी उभी करून तिच्यावर मधुमालती चढवावी. वेल आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहिल्यामुळे भिंत लवकर निवते.

बकुळीसाठी थांबण्याची तयारी नसेल तर खिडकीसमोर कुंतीची दोन रोपे सहा-सात फुटांच्या अंतराने लावावीत. रोपवाटिकेत ती ‘कामिनी’ या नावाने मिळते. ती दहा-पंधरा फुटांवर थांबते, सदाहरित आहे आणि पावसाळ्यात तिच्या पांढऱ्या फुलांचा सुगंध खोलीपर्यंत येतो. परसात लिंबाचे झाड असेल तर मात्र कुंती त्याच्या जवळ लावू नये. लिंबावर येणारी सिट्रस सिला ही कीड तिच्या कोवळ्या पालवीवरही वाढते. कलमी सोनचाफा अनेकांना सुचतो, परंतु पाणी धरून ठेवणाऱ्या, चुनखडीयुक्त काळ्या मातीत त्याची पाने पिवळी पडतात आणि मूळ कुजण्याचीही भीती असते. आपल्या जमिनीत मी तो सुचवणार नाही.

रस्त्यावरून वीजवाहिनी जात असेल, तर ती कोणत्या बाजूने जाते ते खड्डा खोदण्याआधी पाहून घ्यावे. तारांखाली वाढलेल्या झाडाची छाटणी पुढे महावितरणचे कर्मचारी करतात, आणि त्यांना तारा मोकळ्या करायच्या असतात. झाडाचा आकार सांभाळणे हे त्यांचे काम नव्हे.

प्रश्न : दक्षिणेच्या अंगणात, दारापासून आठ फुटांवर फुलांचे झाड लावायचे आहे. हिवाळ्यात सकाळचे ऊन घरात यावे अशी आईची इच्छा आहे. पारिजातक, आपटा आणि पांढरा चाफा यांपैकी कोणते योग्य ठरेल? — इंदिरानगर

उत्तर : नाशिकच्या थंडीत दारातले ऊन किती मोलाचे असते हे आपल्या आईंना नेमके ठाऊक आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेला सदाहरित दाट झाड लावल्यास हिवाळाभर घर सावलीत राहील. आपल्या तिन्ही झाडांत या जागेसाठी पांढरा चाफा सर्वात योग्य आहे. त्याची पाने थंडीत गळतात आणि उन्हाळा चढू लागला की पुन्हा फुटतात. आपल्याला नेमके हेच वेळापत्रक हवे आहे. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा असला तरी आपल्या देवळांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. त्याला पाणी कमी लागते आणि मुळांचा उपद्रव जवळपास नाही. जाड फांदी कापून, चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मग लावली तरी ती जगते. काळ्या जमिनीत मात्र ती थोड्या उंचवट्यावर लावावी. तिचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत.

पारिजातकावर माझा जीव आहे, परंतु उन्हाळ्यात तो रुक्ष आणि उघडा दिसतो आणि बहर येतो तो पावसाळा सरताना. पहाटे फुलांचा सडा जिथे वेचता येईल अशा पूर्वेच्या कोपऱ्यात त्याला जागा द्यावी. फरशीवर पडलेली फुले तुडवली जाऊन चिकट होतात, म्हणून त्याच्याखाली माती किंवा हिरवळ असावी.

आपट्याबद्दल दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. दसऱ्याला आपण त्याची पाने ओरबाडून आणतो, पण अंगणात तो फार थोड्या जणांनी लावलेला असतो. वाकड्यातिकड्या फांद्यांचे हे लहानसे देशी झाड मुरमाड, कोरड्या जमिनीतही तग धरते आणि पंधरा-वीस फुटांच्या पुढे क्वचितच जाते. म्हसरूळ, मखमलाबादकडच्या मुरमाड प्लॉटवर राहणाऱ्या वाचकांनी त्याचा अवश्य विचार करावा. त्याची पाने उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात, त्यामुळे सावलीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

याच निमित्ताने आणखी एक सूचना करतो. पूर्वेला किंवा उत्तरेला ओलसर, अर्धी सावली असलेली जागा असेल तर सीतेचा अशोक लावावा. हा लहानखुरा, सदाहरित वृक्ष वसंतात केशरी फुलांच्या गुच्छांनी भरतो. ‘अशोक’ म्हणून सर्वत्र विकला जाणारा सरळसोट उंच वृक्ष वेगळा आहे. रोपवाटिकेत मागताना ‘सीता अशोक’ असे स्पष्ट सांगावे आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबती आहे का ते पाहावे. पश्चिमेच्या उष्ण वाऱ्यात मात्र त्याच्या पानांच्या कडा करपतात.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. मागच्या भिंतीत पिंपळ आणि उंबर उगवले आहेत. घरातील वडीलधारी मंडळी ते काढू देत नाहीत, आणि भिंत तर फुगत चालली आहे. मार्ग काय?

उत्तर : वडीलधाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. पाच वडांवरून ज्या परिसराला नाव मिळाले असे मानले जाते, तिथे पिंपळ-उंबराला हात लावताना मन कचरणे स्वाभाविकच आहे. तरीही भिंत फुगते आहे असे आपण लिहिता, म्हणजे विलंबाला आता जागा नाही.

वड, पिंपळ, उंबर यांची फळे पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या खाचेत पडते. जिथे ओल आहे तिथेच ते रुजते. म्हणजे भिंतीत झाड उगवणे ही ओल झिरपत असल्याची खूण असते. पन्हळ गळत असेल किंवा वरचे कठड्याचे काम उघडे पडले असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. केवळ वरून झाड छाटण्याने काहीच साधत नाही, उलट आतले मूळ अधिक जोमाने फुटते आणि चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमधून, जाड होत जाते.

रोप बोटाएवढे जाड असेल तर पावसाळ्यात भिंत ओली असताना, दर्जा थोडा मोकळा करून ते मुळासकट अलगद काढता येते. त्याहून जाड असेल तर बाहेरच्या थराच्या काही विटा उतरवून मूळ जिथपर्यंत गेले आहे तिथपर्यंत माग काढावा लागतो, आणि हे काम जुन्या बांधकामाची जाण असलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. भिंत चुन्यात बांधलेली असल्यास दर्जाही चुन्यानेच भराव्यात. कडक सिमेंट लावल्यास ओल आत कोंडते आणि शेजारच्या विटा झिजू लागतात.

घरातील मंडळींच्या समाधानासाठी एक सोपा मार्ग आहे. पिंपळ आणि उंबर यांची रोपे अतिशय चिवट असतात. मुळाचा थोडा भाग शाबूत राहिला तरी ती कुंडीत पुन्हा धरतात. काढलेले रोप सावलीत कुंडीत लावावे, वर्षभर सांभाळावे आणि नंतर एखाद्या मोकळ्या जागेत, शेताच्या बांधावर किंवा देवस्थानाच्या परवानगीने त्याच्या आवारात, इमारतीपासून निदान तीस-चाळीस फूट दूर लावावे. असे केल्याने झाडही वाचते आणि वाडाही.

झाड बरेच मोठे झाले असेल, तर ते काढण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महाराष्ट्रातील नागरी भागातील वृक्षांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे आणि तो खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. स्वतःच्या अंगणातले झाड आहे म्हणून परवानगी लागत नाही, असा समज करून घेऊ नये.

प्रश्न : बारा फूट बाय बारा फूट मोकळी जागा आहे. आंबा लावता येईल का? — आडगाव

उत्तर : हापूस किंवा केसर लावल्यास पुढे पस्तावाल, पण आम्रपाली अवश्य लावता येईल. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली ही जात ठेंगणी आहे, दरवर्षी फळते आणि अडीच मीटर अंतरावरील घन लागवडीतही चालते. कलम घेताना जोड जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि फळे उतरल्यावर लगेच हलकी छाटणी करून उंची दहा-बारा फुटांवर राखावी. ही जात उशिरा, पावसाच्या तोंडावर पिकते, त्यामुळे फळमाशीचा त्रास होतो. फळे पाडाला येताच उतरवून आढीत पिकवणे बरे. मोहोराच्या काळात तुडतुड्यांच्या चिकट स्रावाने झाडाखालचे सगळे काळवंडते. गाडी उभी करण्याच्या जागेवर आंबा नको.

प्रश्न : नाशिकरोडला आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत सहा वर्षांपूर्वी कोनोकार्पसची रांग लावली. आता सांडपाण्याची नळी वारंवार तुंबते आणि चेंबरमध्ये मुळांचे गुच्छ निघतात. झाडे न काढता मुळे तोडून चालेल का?

उत्तर : मूळ दुरून नळीचा वास घेत येत नाही. जोडातून झिरपणाऱ्या पाण्याने आजूबाजूची माती ओली राहते, मुळे त्या ओलीकडे वाढतात आणि केसाएवढ्या फटीतून आत शिरतात; आत पाणी आणि खत दोन्ही मिळाल्यावर त्यांचा गुच्छ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पहिला उपाय नळीचाच आहे. सिमेंटच्या जोडाची जुनी स्टोनवेअर नळी असेल, तर तेवढा भाग बदलून घट्ट जोडाची पीव्हीसी नळी टाकावी आणि चेंबरच्या आतल्या बाजूच्या फटी बुजवाव्यात. केवळ मुळे काढत राहिल्यास दर काही महिन्यांनी तेच काम करावे लागेल.

मात्र कोनोकार्पसच्या बाबतीत मी झाडे टप्प्याटप्प्याने बदलण्याचाच सल्ला देईन. झपाट्याने हिरवी भिंत उभी राहते म्हणून हे परदेशी झाड सर्वत्र लावले गेले, पण त्याची मुळे जोरकस आहेत आणि आपल्या पक्ष्यांना, फुलपाखरांना त्याचा उपयोग फारच कमी आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या जागी कुंती किंवा मेंदीचे कुंपण करावे, आणि जिथे नळीपासून दहा फूट अंतर मिळते तिथे मध्ये मध्ये आपटा लावावा. झाडे काढण्यासाठी वर सांगितलेली परवानगी आपल्यालाही घ्यावी लागेल. अर्जासोबत चेंबरची छायाचित्रे जोडल्यास कारण स्पष्ट होते.

मुळे तोडण्याविषयी एक गंभीर सूचना आहे. खोडाच्या जवळ, एकाच बाजूची जाड मुळे तोडली तर झाडाचा आधार जातो आणि पुढच्याच वादळात ते विरुद्ध बाजूला कोसळू शकते. मुले खेळतात, गाड्या उभ्या असतात अशा ठिकाणी हा धोका कदापि पत्करू नये.

प्रश्न : घरात दोन लहान मुले आहेत. अंगणात कोणती झाडे टाळावीत? — गंगापूर रोड

उत्तर : पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, आणि साधी कण्हेर ही दोन झाडे लहान मुलांच्या घरात नसावीत. दोन्हींतील विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते आणि बिट्टीच्या बिया मुलांना खेळायला आकर्षक वाटतात. ती आधीपासून असतील आणि मुलाने चावल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवगा विषारी नाही, उलट शेंगा आणि पाला दोन्ही पौष्टिक. पण फांदी अतिशय ठिसूळ असते, मुलांना तिच्यावर चढू देऊ नये, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, ज्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. दरवर्षी शेंगा संपल्यावर तो चार-पाच फुटांवर छाटून ठेवल्यास दोन्ही त्रास आटोक्यात राहतात. सप्तपर्णी मोठी होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा उग्र वास रात्री खिडकीतून घरभर भरतो. अनेकांना त्याने डोके धरते. ती घराजवळ नको.

मुलांसाठी लावायचेच असेल तर डाळिंब, पेरू किंवा सीताफळ लावावे. सटाणा-देवळा भागातील डाळिंबाची ख्याती आपण जाणतोच. घराशेजारी ते आठ-दहा फुटांवर सहज राखता येते, बुंध्याजवळ येणारे फुटवे तेवढे काढत राहावे लागतात.

प्रश्न : सर्व वाचून झाड निवडले आहे. खड्डा केव्हा आणि कसा करावा, आणि पहिला उन्हाळा कसा काढावा? — सातपूर

उत्तर : खड्डा मे महिन्यातच खोदून उन्हात तापू द्यावा आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, लागवड करावी. मुरमाड जमिनीत खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल असावा आणि तो बाहेरून आणलेल्या पोयट्याच्या मातीने, कुजलेल्या शेणखताने आणि थोड्या निंबोळी पेंडीने भरावा. काळ्या जमिनीत दोन फुटांचा खड्डा पुरेसा आहे. तिथे तळाशी खडी घालण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण भोवतालच्या चिकण मातीतून पाणी निघून जाऊ शकत नसल्यामुळे ते त्या खडीत साचते आणि मूळ कुजते. त्याऐवजी रोप आसपासच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच बसवावे.

रोप घेताना सर्वात उंच रोपाचा मोह टाळावा. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असतील, तर ते रोप पुढेही कमकुवतच राहते; हाताच्या अंगठ्याएवढ्या खोडाचे तीन-चार फुटी, सरळ शेंड्याचे रोप उत्तम.

पहिली दोन वर्षे पाणी रोज थोडे थोडे देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात आणि कोब्याखाली वर वर पसरत नाहीत. आळे खोडाला चिकटून न करता पानांच्या घेराखाली गोलाकार करावे आणि त्यात वाळलेला पालापाचोळा अंथरावा. मात्र वाळवीचा उपद्रव असेल तर तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा. अंगणात पुढे फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवणार असाल, तर खोडाभोवती किमान तीन फूट बाय तीन फूट माती उघडी राहील असे कारागिराला आधीच बजावून ठेवावे. आधाराची काठी रोपाला सैल सुतळीने बांधावी आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाकावी, कारण सुतळी तशीच राहिली तर ती खोडाच्या सालीत रुतत जाते.